मोरवालीचं पान

घाटकोपरला दवाखान्यासाठी जागा शोधत फिरत होते तेव्हा बाकीच्या घरमालकांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. लग्न का नाही केलं, आणि आडनाव काय म्हणालात. या गृहस्थांनी तिसराच विचारला. ओट्यावर बसून ते कसलासा लोखंडी तुकडा रॉकेलमध्ये बुडवून घासत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी आहे?"

"नाही."

"घेणार?"

"जमलं तर घेईन. एकदोन वर्षांनी."

"कुठली?"

मी म्हटलं, अजून काही ठरवलेलं नाही. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "बरं आहे. आधीच ठरवलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो," म्हणाले, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. पुढची दवाखान्याला, मागची राहायला. मी बाई आहे, एकटी आहे, डॉक्टर आहे, यातलं काहीही त्यांच्या लेखी विशेष नव्हतं. बायकोला त्यांनी आत जाऊन फक्त एवढंच सांगितलं की भाडेकरू मिळाला, गाडी अजून नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. सगळं घाटकोपर त्यांना मालक म्हणे, मी काका म्हणायला लागले. तीस वर्षं ते वेधशाळेत होते. पाऊस किती पडला, पारा किती चढला, वारा कुठून आला, हे बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच काम. उद्या पाऊस पडेल का, असं कुणी विचारलं की ते चिडत. "अंदाज साहेब करायचे. आम्ही मोजायचो." निवृत्त झाले तरी मोजायची खोड गेली नाही. सकाळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर ते पेपर वाचत बसत, आणि पोट धरून कुणी आत आला की मी तोंड उघडायच्या आधीच विचारत, "किती वेळा?" पोट बिघडलेला माणूस आधीच शरमलेला असतो, त्यात हे कानामागची पेन्सिल काढत. दोनदा मी त्यांना बाकावरून उठवलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की यांच्यामुळे माझा वेळ वाचतो आहे. "लई", "खूप", "सारखं सारखं" हे सगळे शब्द बाहेर बाकावर ठेवून माणूस माझ्यापुढे नुसता आकडा घेऊन येत होता. मग मी त्यांना तिथेच बसू दिलं.

अंगणात बदामाखाली त्यांची गाडी उभी असे. तिच्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या गाडीचे भक्त अजून हयात आहेत आणि त्यांचा राग कसा असतो ते मी एकदा पाहिलेलं आहे. बॉनेटवर चांदीच्या रंगाचा मोर होता म्हणून सगळे तिला मोरवाली म्हणत. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून काकांनी ती घेतली होती. आत लाल चामड्याच्या गाद्या, समोर पॉलिश केलेलं लाकूड, आणि दार लावलं की इतका मऊ आवाज येई की पुन्हा एकदा उघडून लावावंसं वाटे. काका तिला 'राजे' म्हणत. राजे कधी बंद पडत नसत. राजे थांबत. राजे दमत. राजांना कुर्ल्याची हवा मानवत नसे. एकदा भर बाजारात रेडिएटरमधून वाफेचा लोट निघाला, पोरं टाळ्या पिटायला लागली, तेव्हा काका शेजारच्या भाजीवाल्याला शांतपणे सांगत होते, "काही नाही हो, राजे जरा विचार करतायत."

काकू मालवणच्या. त्या ओट्यावरून म्हणत, "राजे कसले गो, म्हातारो रेडो तो!" काका ऐकलं न ऐकलंसं करून मोर पुसत राहत.

ठाण्याच्या अलीकडे मोरवाल्या दोनच होत्या. दुसरी मुलुंडच्या एका वकिलांची. वकील आणि काका शाळेपासूनचे दोस्त, दोघांनी एकाच साली गाड्या घेतलेल्या. दर रविवारी सकाळी वकील गाडी घेऊन येत. दोन गाड्या समोरासमोर उभ्या करायच्या, दोन्ही बॉनेट उघडायची, मधे खुर्च्या टाकायच्या आणि चहा घेत घेत जगातल्या बाकीच्या सगळ्या मोटारींची निंदा करायची, असा कार्यक्रम असे. वकिलांचा आवाज कोर्टात कमावलेला, तो माझ्या मागच्या खोलीपर्यंत यायचा. "गाडी म्हणजे काय रे, नुसतं पोचणं? पोचायला बैलगाडीही पोचते!" काका मान डोलवत. हे ऐकून ऐकून मीही रविवारी पेपर बाजूला ठेवून दारात येऊन उभी राहायला लागले होते.

आता वहीचं सांगते.

दसऱ्याला गाड्या धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून दारात उभ्या केलेल्या असत. काका दुपारी झोपत नसत. आपट्याची पानं आणि एक पुठ्ठ्याची जाड वही घेऊन ते घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत झाडून सगळ्या गाडीवाल्यांच्या घरी जात. तेव्हा गाड्या होत्या तरी किती, वीस-पंचवीस घरं. सोनं द्यायचं, पेढा खायचा, मग मालकाला त्या सजवलेल्या बॉनेटवर हात ठेवायला लावून विचारायचं, "यंदा किती वेळा?" चेंबूरच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे मात्र ते नाताळला जात आणि केक खाऊन हाच प्रश्न विचारत.

किती वेळा म्हणजे काय, याचाही वेधशाळेसारखा पक्का नियम होता. गाडी अडली आणि आत बसलेल्यांखेरीज बाहेरच्या माणसाचा हात तिला लागला, की एक. मालकाने स्वतः उतरून हँडल मारलं तर ते धरायचं नाही. पंक्चर धरायचं नाही, तो रस्त्याचा दोष. धक्क्याला माणसं लागली, मिस्त्री बोलवावा लागला, बैल जुंपावे लागले, तर एक. त्यात रडारड चालत नसे.

लोक अर्थातच खोटं बोलत. माणूस स्वतःच्या मुलाच्या मार्कांबद्दल एकवेळ खरं सांगेल, स्वतःच्या गाडीबद्दल सांगायचा नाही. लाकडाच्या वखारीचे एक शेट होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून छातीठोकपणे सांगितलं, "शून्य!" आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरने गुपचूप चार बोटं दाखवली. काकांनी शून्यही लिहिलं नाही आणि चारही लिहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे जाऊन विचारून आले. मला म्हणाले, "ड्रायव्हर खोटं बोलला. पाच."

ही वही ते कुणाला दाखवत नसत. कुणी गाडी घ्यायला निघाला की विचारायला येई, तेव्हा काका आत जाऊन वही बघून येत आणि एवढंच सांगत, ही घ्या, ती घेऊ नका. कुणाची किती वेळा थांबली हे बाहेर जायचं नाही, ही त्यांनी सगळ्यांना दिलेली खात्री होती. मोरवालीचं पान तर कुणी पाहिलंच नव्हतं. ते कोरं असणार याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. जो माणूस गाडीला राजे म्हणतो तो तिच्याविरुद्ध काय लिहिणार!

गाडी चालवायला मला काकांनीच शिकवलं, मोरवालीवर, देवनारहून ट्रॉम्ब्याकडे जाणाऱ्या मिठागरांच्या रस्त्यावर. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, उलट फटका बसला तर मनगट जातं, हा पहिला धडा. त्याच बाजूला माझे निम्मे पेशंट होते. ट्रॉम्ब्याचा कोळीवाडा, देवनार, मानखुर्द. बस वेळेवर येत नसे, आली तर भरलेली असे. मी पायी पोचले की घरातली म्हातारी माझ्या मागे बघत विचारी, "डाक्टर मागून येतात काय?" पायी येणारी बाई म्हणजे नर्स, फार तर सुईण. पण काकांनी एकदोनदा मला मोरवालीतून सोडलं, तेव्हा तीच म्हातारी बाजूला सरकून वाट करून द्यायला लागली. आत बाई अडलेली असताना दारातच पाच मिनिटं आपण डॉक्टर असल्याचं पटवत बसायचं नसेल, तर गाडी हवी होती. आणि ती मोरवालीच हवी, असं माझ्या मनाने घेतलं. रविवारचं कीर्तन अंगी लागलं होतं.

दीड वर्षाने योग आला. वकिलांनी वकिली बंद केली. रोजची धावपळ संपली, उभी गाडी गंजते, तेव्हा ती आपल्या माणसाकडे जावी अशी त्यांची इच्छा होती. "मोर परक्याच्या दारात जाता कामा नये. डॉक्टर, तुम्ही घ्या," ते मला म्हणाले. मी हवेतच होते. संध्याकाळी काकांना सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा आनंदाने नाचेल, घाटकोपरात दोन मोर होणार म्हणून.

काका उठून घरात गेले. रात्री जेवले नाहीत असं काकूंकडून कळलं, सकाळीही नाही. पेशंट संपल्यावर दुपारी ते दवाखान्यात आले, दार लोटून घेतलं, आणि ती पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली.

"हे आमचं पान," म्हणाले.

आमचं म्हणजे त्यांचं स्वतःचं. वर्षाला एक ओळ. सात. नऊ. आठ. अकरा. प्रत्येक आकड्यापुढे तारीख, जागा आणि कुणाचा हात लागला ते. कुर्ला बाजार, हमाल चार. घाटकोपर स्टेशन, टांगेवाला. देवनार, मिठागराचे कामगार. राजे थांबले, राजे दमले, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. त्यांनी पान उलटलं. "हे वकिलाचं." सहा, सात, आठ, आणि गेल्या दसऱ्यापासून आतापर्यंत, मिस्त्रीला विचारून, नऊ. मग आणखी एक पान. "हे चेंबूरच्या मास्तरांच्या डबीचं. ते गोव्याला परत चाललेत. गाडी द्यायची आहे त्यांना."

शून्य. शून्य. एक. शून्य.

डबी मी पाहिली होती. चिखलाच्या रंगाची, आखूड, पुढून मागून सारखीच दिसणारी. मला एकदम राग आला. आज लाज वाटते, पण तेव्हा मी जे बोलले ते असं होतं. "काका, सरळ सांगा ना. घाटकोपरात तुमच्याखेरीज दुसरा मोर तुम्हाला नको आहे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"डॉक्टरबाई, यंदा राजे अकरा वेळा थांबले. देवनारला थांबले तेव्हा दोन तास झाडाखाली बसलो. तिथल्या माणसाने ताडगोळे दिले. छान होते. कुर्ल्याला एक जुना मित्र भेटला. अकरा वेळच्या अकरा गोष्टी आहेत माझ्याकडे, जेवताना सांगत असतो, हिला विचारा. मला कुठे जायचं असतं? पण तुमच्या मागच्या सीटवर कोण असेल?"

मी डबीच्या पानावरची शून्यं पुन्हा एकदा वाचली.

"तिची गोष्ट व्हायला नको," काका म्हणाले.

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही बदलत?"

"मला आवडते ती," म्हणाले, आणि चक्क लाजले.

मी डबी घेतली. तिचं दार बिस्किटाच्या डब्यासारखं वाजे. हॉर्न सर्दी झालेल्या माणसासारखा. दारूबंदीचे दिवस होते. देवनारच्या नाक्यावर पोलीस तिच्याकडे बघून हमखास थांबवत, अशा गाडीतून बाई हातभट्टीचा मालच नेत असणार म्हणून मागचं झाकण उघडत, आणि आत चिमटे, कापसाचे गठ्ठे आणि बाळंतिणीचे कपडेलत्ते बघून झाकण लावत. महिन्याभराने ते लांबूनच हात हलवायला लागले. म्हाताऱ्याही मला डॉक्टर म्हणायला लागल्या, कारण बोलावलं की मी येत होते, आणि दर वेळी येत होते.

चूक मी केली ती डबी घेतल्यावरच्या पहिल्याच रविवारी. वकील आले, बॉनेट उघडलं, चहा घेतला आणि मला हाक मारली. "डॉक्टर, मग आपली मोरवाली कधी नेताय?"

नाही म्हणायला शंभर सबबी होत्या. वडील नको म्हणतात, एवढी मोठी गाडी झेपणार नाही, काहीही. पण पेशंटच्या नातेवाइकांना कारणासकट सगळं समजावून सांगायची मला सवय. मी तशीच उभ्या उभ्या म्हणाले, "वकीलसाहेब, मी दुसरी घेतली. काकांनी पान दाखवलं. सहा महिन्यांत नऊ वेळा म्हणजे माझ्या कामाला..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं की काय झालं ते. वकिलांनी कप खाली ठेवला.

"माझं पान दाखवलंस?"

"दाखवलं," काका म्हणाले.

"मला न विचारता?"

"हो."

"आणि तुझं?"

"ते आधी दाखवलं."

"म्हणजे दोघांची अब्रू काढलीस. अरे, इतकी वर्षं आपण या गाडीच्या शपथा घेतल्या, आणि तू तिच्या मागे बसून असलं लिहीत होतास? घरातली गोष्ट बाहेर सांगणारा माणूस तू. मी येणार नाही पुन्हा." वकील उठले, धाडकन बॉनेट आपटलं, गाडीत बसले आणि बटण दाबलं.

गाडी सुरू होईना. पुन्हा दाबलं. घरघर झाली आणि विझली. वकिलांनी उतरून हँडल मारलं, पाच वेळा, सात वेळा. घामाघूम झाले. रागावून निघालेल्या माणसावर याहून वाईट प्रसंग देवाने आणू नये. मी हसू की रडू अशी उभी होते. काका खुर्चीवरून उठले, गाडीच्या मागे गेले आणि दोन्ही हात टेकवून ढकलायला लागले. मीही गेले. शेजारचे दोघे आले. फाटकाबाहेर उतारावर गाडी एकदाची गुरगुरली आणि वकील मागे वळून न बघता निघून गेले.

काका धापा टाकत परत आले, आत गेले. मी मागोमाग गेले माफी मागायला, तर ते वही उघडून बसले होते. वकिलांच्या पानावर नवाचे दहा करत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण तारीख आणि जागा नीट लिहिली होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुम्ही जे होतं ते सांगितलंत," ते म्हणाले. "ते चूक कसं असेल?" याउपर त्यांनी त्या विषयावर मला कधीही एक शब्द ऐकवला नाही. काकूंनी ऐकवला. "चाळीस वर्सांची दोस्ती गो, एका डबयेपायी!" काकूंचं बरोबर होतं.

रविवार सुने झाले. काका एकच खुर्ची टाकत आणि एकच बॉनेट उघडत. दसरा आला तेव्हा नेहमीप्रमाणे मुलुंडलाही गेले. वकिलांचं फाटक बंद होतं. हाक मारली, कुणी उघडलं नाही. आपट्याचं पान फाटकाच्या सळीत अडकवून ते परत आले आणि वकिलांच्या पानावर त्या वर्षासमोर लिहिलं, 'नोंद मिळाली नाही.'

इकडे माझी डबी धावत होती. त्या वर्षात तिने किती जणींना वेळेवर पोचवलं ते मी मोजलं नाही, काकांनी मोजलं असेल. पण मला तिची एकही गोष्ट सांगता येत नाही, आणि खरं तर तेवढंच सांगायचं आहे. ट्रॉम्ब्याची एक कोळीण रक्तस्राव होत असताना मागच्या सीटवर होती. गाडी निघाली आणि इस्पितळात पोचली. मानखुर्दच्या एका पोरीला झटके येत होते. गाडी निघाली आणि पोचली. त्या बाया आता आज्या झाल्या असतील. आपण कुठल्या रस्त्यावर थांबलो नाही हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि ते कुणामुळे हेही ठाऊक आहे. आपल्या लाडक्या गाडीची अकरा लफडी एका परक्या मुलीसमोर वाचून दाखवणारा माणूस मला त्या वयात भेटला, हे माझं नशीब. माझ्या कॉलेजातल्या मोठमोठ्या सर्जननी स्वतःच्या चुकांचं पान असं कुणापुढे उघडलेलं मी पाहिलं नाही. मीही पुढे जे थोडंबहुत खरं लिहिलं ते त्या वहीचं बघून.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी, पेशंट नुकते यायला लागले होते, दवाखान्याचा फोन वाजला. वकिलांचा आवाज मी पटकन ओळखला नाही, कारण त्यात कोर्ट नव्हतं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटेपासून कळा येत होत्या, सुईण हात टेकून बसली होती, मूल आडवं होतं.

"इस्पितळातच न्यायला हवं," मी म्हटलं. "मी इथून येईपर्यंत थांबू नका. तुमची गाडी दारात आहे ना? तिला झोपवा आणि निघा. मी वाटेत भेटते. अर्धा तास वाचेल."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला.

"वकीलसाहेब?"

"नको," ते म्हणाले. "तुम्ही या. तुमची गाडी घेऊन या."

मी बाकावर बसलेल्या काकांना एवढंच सांगितलं की मुलुंडला जाते, वकिलांच्या मुलीकडे. त्यांच्या हातातला पेपर खाली आला.

मुलुंडला पोचले तेव्हा मुलीला ओसरीवर आणून ठेवलं होतं. मोरवाली अंगणातच होती, धुतलेली, चकचकीत, फाटकाकडे तोंड करून. तिला वळसा घालून आम्ही मुलीला डबीत ठेवलं. वकील पुढे माझ्या शेजारी बसले. शीवच्या पलीकडचं इस्पितळ गाठायचं होतं. विक्रोळीच्या पुढे रस्ता खणलेला होता, डबी सगळीकडून खडखडत होती, आणि वकिलांनी समोरच्या पत्र्यावर एक हात पसरून ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. माझं लक्ष मागच्या कण्हण्याकडे होतं, पण तो हात मला दिसत होता.

ऑपरेशन करावं लागलं. तासाभराने मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर एकच हाती लागली असती. वकील शेजारीच होते, त्यांनीही ते ऐकलं.

दुपारी परत निघालो. मी म्हटलं, "तुम्हाला मुलुंडला सोडते."

"नको. तुमच्याकडेच चला."

डबी अंगणात शिरली तेव्हा काका बदामाखाली उभे होते. सकाळपासून तिथेच होते असं काकूंनी मला नंतर सांगितलं. वकील उतरले. दोघे म्हातारे चार हातांवर समोरासमोर उभे राहिले.

"मुलगी झाली," वकील म्हणाले.

"आणि आपली पोर?"

"बरी आहे."

काका मटकन ओट्यावर बसले. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाक! दोघांचा!" वकील येऊन शेजारी बसले. वकील डबीकडे बघत होते, मग मोरवालीकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. माणसाला आपला पराभव स्वतःच्या तोंडाने सांगायचा नसतो आणि न सांगता राहवतही नसतं. शेवटी ते खालच्या मानेने म्हणाले, "माझी सुद्धा सुरू झाली असती रे आज. तशी तयार होती. मी फक्त... उगाच कशाला..."

मी काकांकडे बघितलं. तीस वर्षं ज्याने दिसेल तेच लिहिलं, एका थेंबाचा अंदाज कधी केला नाही, मित्र निघून गेल्या गेल्या ज्याने नवाचे दहा केले, तो हा माणूस.

"झाली असती म्हणजे काय?" काका म्हणाले. "पहिल्या हँडलला झाली असती!"

वकिलांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. त्या क्षणी त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळलं, आणि त्यांनी आजवर मला जे दिलं होतं त्यापुढे ते फारच थोडं होतं.

"हो तर," मी म्हटलं. "मी बघितलं ना. अगदी तयार होती."